परसातली सवत

एर्लिंडाला सवत आली ती केस पिकल्यावर, आणि तीही जमिनीत पुरलेली.

सवत हा शब्द तिचाच बरं का, आम्ही कुणी तिच्या तोंडात घातला नाही. परसात, मक्याच्या कोठीमागे, जुन्या लाव्हाचा काळा दगड जिथं जमिनीतून डोकं वर काढतो तिथं खड्डा खणला, तळाला सिमेंट ओतलं आणि त्यावर जमिनीची थरथर टिपणारं, छोट्या घागरीएवढं एक यंत्र ठेवलं. वर झाकण, झाकणावर माती. बाजूला उन्हावर चालणारी पट्टी आणि एक कुलूपबंद पेटी. एवढाच काय तो प्रकार. पण त्या एवढ्याशा प्रकारानं एर्लिंडाच्या घराची घडी विस्कटली ती विस्कटलीच.

शहरातल्या विद्यापीठातून इंजिनीअरबाई रेबेका आली होती. तरुण, डोक्याला टोपी, बुटांना गावभरची धूळ. दोन दिवस ती सगळ्यांची परसं धुंडाळत फिरली. गिरणीजवळ नको, मोटाररस्त्याजवळ नको, भुसभुशीत माती नको, दगडच हवा. एर्लिंडाची नणंद तोमासा तर मागंच लागली, "माझ्याकडे लाव गं बाई, माझ्याकडे कोंबड्यासुद्धा हळू चालतात." पण दगड निघाला तो एर्लिंडाच्या नवऱ्याच्या, चेंचोच्या परसात. चेंचोनं बाईला बसायला खुर्ची दिली, स्वतः कुदळ घेतली, आणि त्या दिवसापासून हा गडी पार बदलला.

डुकरीण बांधायची जागा हलली. लाकडं फोडायचा ओंडका अंगणात गेला. नातवंडं आली की चेंचो तोंडावर बोट ठेवून उभा. "अरे, पळू नका, ती ऐकतेय." ती! यंत्र म्हणायचंही सोडलं त्यानं. सकाळी उठला की आधी परसात जाऊन पट्टीवरची धूळ पुसायची, पेटीतला हिरवा दिवा लुकलुकतोय ना बघायचं, मग तोंड धुवायचं. पस्तीस वर्षांच्या संसारात एर्लिंडाला सकाळी उठून कुणी बघितलं नव्हतं की ही लुकलुकतेय का विझलीय.

आता चेंचोच्या बाजूनंही दोन शब्द बोलायला हवेत, नाहीतर तुम्ही म्हणाल माणूसच खुळा. त्याची आई पारिकुतिन गावाकडची. पोर होती तेव्हा नांगरलेल्या मक्याच्या शेतातून ज्वालामुखी उगवताना तिच्या गावानं पाहिला. घर गेलं, देऊळ गेलं, उरलं ते गाठोड्यात बांधून ती इकडे आली. मरेपर्यंत शेतात गरम वाफ दिसली की म्हातारी थरथरायची. आमच्याकडे अशा हजारभर टेकड्या आहेत, प्रत्येक एकदाच फुटलेली आणि मग गप्प. पुढची कुठं फुटेल ते कुणाला ठाऊक? रेबेकानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काका, हे यंत्र पुढचं सांगत नाही. फक्त खाली काय दडलंय ते दाखवतं." पण चेंचोला तेवढंही पुष्कळ झालं.

"कळलं का तुला," तव्याशी बसून गरम भाकरी मोडता मोडता तो म्हणायचा, "काल जपानपलीकडे समुद्रात भूकंप झाला. त्याची लाट पृथ्वीच्या पोटातून निघून आपल्या परसात वर आली."

"आली का? मग पेज विचारलीस की नाही तिला?"

"हसू नकोस. खालचा खडक जिथं तापून मऊ झालाय तिथं लाट रेंगाळते. थंड, कडक असेल तिथून धावत येते. कुठल्या लाटेला किती उशीर झाला ते बघून बाई चित्र काढते. वरची साल किती जाड, सालीखालचा गर कुठं तापलाय, सगळं."

"माझंही पोट दोन वर्षं तापलंय, म्हाताऱ्या. त्याचंही चित्र काढ म्हणावं."

तो हसायचा आणि मिरचीचा ठेचा मागून घ्यायचा. एर्लिंडा ठेचा वाढायची, पण चमचा असा आपटायची की बाहेर कुत्रा उठून बसे.

हे सगळं तिनं गिळलं असतं. बाईमाणूस काय काय गिळत नाही! पण चेंचोनं नाच सोडला, आणि तिथं तिचं डोकं फिरलं.

आमच्याकडचा म्हाताऱ्यांचा नाच. गुलाबी गालांचा बोळका मुखवटा, रिबिनींची टोपी, हातात काठी, पायात लाकडी तळाच्या वहाणा. खोकत, कण्हत, कमरेत मोडल्यासारखं यायचं, आणि व्हायोलिननं सूर धरला की त्या लाकडी तळांनी फरशी अशी बडवायची की बघणाऱ्याच्या छातीत ठोके पडावेत. चेंचो त्यातला राजा. एकोणिसाव्या वर्षी देवळाच्या पटांगणात तो कण्हत कण्हत एर्लिंडासमोर येऊन थांबला, काठीवर हनुवटी टेकली, म्हाताऱ्यासारख्या धापा टाकल्या आणि मग जो सुटला! तिनं त्याचा चेहरा पाहिलाच नव्हता, मुखवटा होता ना. पाय पाहिले आणि घरी जाऊन आईला सांगितलं, "मला या पायांशी लग्न करायचंय." आई म्हणाली, "वर कोण आहे ते तरी विचार."

तर हे पाय गप्प झाले. पूर्वी संध्याकाळी परसातल्या दगडावर सराव चालायचा, एर्लिंडा मका सोलत बसायची आणि न बघितल्यासारखं करून बघायची. यंत्र आलं, वर्षभर कसाबसा चालला, मग बंद. विचारलं तर म्हणे, "अगं, जमीन हादरते. तिकडून हजारो कोसांवरून आलेली लाट आणि मध्ये माझा पाय! बाईच्या कामाचा विचका नको."

"म्हणजे त्या बाईसाठी नाच सोडलास."

"बाईसाठी नाही. कामासाठी."

"एकच ते!"

तोमासा तर टपलेलीच होती. गिरणीच्या रांगेत सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, ती पोरगी आली की दादा म्हणे तिच्याबरोबर खड्ड्याशी गुडघ्यावर बसतो? माझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी एवढं केलं असतं तर मी यात्रेला गेले असते हो."

"तुझ्या नवऱ्याला बसता येतं का गुडघ्यावर? पोट मध्ये येतं," एर्लिंडानं तिथल्या तिथं वाजवली. पण पिठाची पाटी घेऊन घरी येईपर्यंत तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मग सणाच्या आधी नाबोर आला. नाबोर म्हणजे नाचाचा म्होरक्या. रीतीप्रमाणं पावांची टोपली आणि दारूची बाटली घेऊन, टोपी काढून, दारात उभा राहिला. "चेंचो, संत आन्द्रेसच्या दिवशी पुढची जागा तुझी. दर वर्षासारखी." अशी टोपली आजवर आमच्या गावात कुणी परत पाठवलेली नाही. चेंचोनं पाठवली. "यंदा नको रे. यंत्राची जबाबदारी आहे. मोठा भूकंप कधी येईल सांगता येत नाही." नाबोरनं एर्लिंडाकडे पाहिलं. तिला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण धरणीच्या पोटातही आता तीच बसलेली.

"एकदाच विचारते," नाबोर गेल्यावर ती म्हणाली, "ती का मी?"

"वेडी आहेस का? ते यंत्र आहे."

"मग यंत्रासाठी पाव परत करतात?"

चेंचो उठून परसात पट्टी पुसायला गेला. दुसऱ्या दिवशी शेतावर गेला.

तो गेल्यावर एर्लिंडानं नाचाची पेटी उघडली. म्हटलं, नाचायचंच नाही ना, मग टोपी, खांद्यावरच्या सराप्याची म्हणजे रंगीत घोंगडीची घडी, मुखवटा सगळं नाबोरच्या मुलाला देऊन टाकू, तेवढीच ठसन. वर मुखवटा होता, त्यावर धूळ. टोपीच्या रिबिनी विरलेल्या. आणि तळाशी वहाणा. त्यांच्यावर धूळ नव्हती. पट्टे नवे कोरे, टाचेची लाकडं ताजी घासलेली, एका तळाला ओली माती.

तिनं ती माती बोटानं चोळून बघितली. हा नाचतोय! कुठं तरी, कुणासाठी तरी नाचतोय, आणि घरात मला ढीगभर थापा मारतोय. कुणासाठी? आता ते सांगायला ज्योतिषी लागत होता का? टोपीवाली, धुळीच्या बुटांची, "काका, काका" करत येणारी. काका म्हणे! असल्या काकांना एर्लिंडानं पुष्कळ पाहिलं होतं.

बाई गं, मत्सर ही काय चीज आहे! तिनं तिथल्या तिथं त्या वहाणा स्वतःच्या पायात घातल्या. मोठ्या होत होत्या, पट्टे करकचून आवळले. परसात गेली. डुकरीण बघतेय, कोंबड्या बघताहेत. एर्लिंडानं झाकणावरची माती पायानं सारली आणि थेट झाकणावर चढली.

"ऐक! ऐकायची हौस आहे ना तुला? हे ऐक!"

आणि नाचली. नाच कसला, तुडवणं ते. पण पस्तीस वर्षं बघून बघून पायात ठेका आपोआप आला होता, तिचं तिलाच नवल वाटलं. टाच, चवडा, टाच. धाप लागली तरी थांबेना. "माझा सण खाल्लास! माझ्या संध्याकाळी खाल्ल्यास! मेले, पुरलेली असून एवढा माज!" शेवटी अंबाडा सुटला, कमरेत उसण भरली, तेव्हा उतरली. झाकण पुन्हा मातीनं झाकलं, वहाणा पुसून पेटीत ठेवल्या आणि मका भिजत घातला. जेवताना चेंचो म्हणाला, "आज गालांवर रंग चढलाय तुझ्या." ती म्हणाली, "चुलीची धग."

रेबेका आली ती सणाच्या आदल्या दिवशी. एर्लिंडानं मुद्दाम टेबल परसात मांडलं. बाईचं तोंड उतरलेलं तिला डोळ्यांनी बघायचं होतं. चेंचो बाजूला उभा, टोपी हातात, शाळेत निकाल ऐकायला आल्यासारखा. बाईनं पेटीतली माहिती संगणकात घेतली, पडद्यावर रेघा उमटल्या, आणि तिचं तोंड खरोखरच उतरलं.

"काका, हे काय झालं? मंगळवारपासून सगळंच वाकडं आलंय. यंत्र कलंडलंय आत." ती पुढं सरकवत गेली. "अरे देवा. आणि शुक्रवारी दक्षिणेकडच्या समुद्रात मोठा भूकंप झाला. त्या बाजूची एवढी स्पष्ट लाट दोन वर्षांत एकदा आली नव्हती. आपल्या गावाखालचा तो मऊ भाग दक्षिणेला किती पसरलाय ते हिच्यावरून कळलं असतं." तिनं टोपी काढून टेबलावर ठेवली. "गेली ती. हातची गेली."

एर्लिंडाला वाटलं होतं, आपल्याला केवढा आनंद होईल. झाला, नाही असं नाही. पण चेंचोकडे बघितलं तेव्हा तो थोडा कमी झाला. तो हातातल्या टोपीनंच पट्टी पुसत होता, पुन्हा पुन्हा.

रेबेकानं रेघा मागं नेल्या, मंगळवारवर आणल्या. बारीक, टोकदार रेघांचं दाट झुडूप होतं तिथं. ती बघत राहिली, मग म्हणाली, "काका, हा तर तुमचा नाच. पण झाकणावर? मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, परसात कुठंही नाचा, माझ्या कामाला काही होत नाही. पायाची थरथर बारीक असते, लांबून आलेली लाट संथ असते, दोन्ही सहज वेगळ्या काढता येतात. फक्त झाकणावर चढू नका."

"काय सांगितलं होतंस?" एर्लिंडा पुढं झाली. "नाचलं तरी चालतं म्हणून?"

"हो काकू. तुम्ही तेव्हा स्वयंपाकघरात होता. नाही तर रोज तुम्ही गिरणीवर गेलात की काका नाचतात, ते कसं चाललं असतं?"

"रोज?"

रेबेकाला वाटलं, काकूंना मजा वाटतेय. भोळी पोर! तिनं पडदा एर्लिंडाकडे वळवला आणि दाखवायला लागली. "हे बघा, पहिला हिवाळा. केवढा लांब सलग ठेका आहे. हा पावसाळ्यातला, जरा आखूड. आणि इथं बघा, ठेका चालू आहे, चालू आहे, आणि हा एकच मोठा दणका. मग काही नाही." तिचा आवाज खाली आला. "इथं काका पडले असणार. मी विचारलं तेव्हा म्हणाले, गुडघा दगा देतो. त्यानंतर बघा, रोज थोडंसं, मग दणका. थोडंसं, मग दणका. मी म्हणाले डॉक्टरला दाखवा, तर म्हणाले..." ती थांबली. चेंचो तिच्याकडे असा बघत होता की कुणीही थांबलं असतं.

एर्लिंडा रेघांकडे बघत होती. अक्षर एक नाही, आकडा एक नाही, तरी तिला सगळं वाचता आलं. ठेका, दणका. ठेका, दणका. ती गिरणीच्या रांगेत तोमासाशी भांडत होती तेव्हा इथं तिचा नवरा दगडावर आपटत होता, आणि उठून धूळ झटकून ती यायच्या आत वहाणा पेटीत ठेवत होता.

"पण मग मंगळवारी," रेबेका पुन्हा झुडपाकडे बघून म्हणाली, "हे तर कितीतरी वेळ चाललंय. एकदाही न पडता. आणि एवढा जोर?"

डुकरीण घुरघुरली. चेंचोनं पडद्याकडे पाहिलं, मग झाकणावरच्या मातीकडे, मग बायकोकडे. तिच्या पायांकडे.

"मीच," तो म्हणाला. "मंगळवारी गुडघा बरा होता. झाकणावर आवाज छान येतो म्हणून चढलो. चुकलं माझं, बाई."

"काका, तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती." रागावली नव्हती ती, म्हणूनच जास्त लागलं. "तुमच्या परसातली नोंद सगळ्यांत चांगली, असं मी तिकडे सांगत असते सगळ्यांना."

"हो. चुकलं."

यंत्र सरळ बसलंय का ते बघायचं साधन आणायला ती गाडीकडे गेली. चेंचो टोपीची कड बोटांनी फिरवत उभा राहिला. एर्लिंडानं त्याच्यासमोर जाऊन कमरेवर हात ठेवले. माणसानं अशा वेळी विरघळावं, डोळ्यांत पाणी आणावं, असं तुम्हाला वाटत असेल. आमची एर्लिंडा तसली नाही. तिला आत्ता जितकं जळत होतं तितकं दोन वर्षांत जळलं नव्हतं.

"तिला माहीत होतं."

"तिनं यंत्रात पाहिलं. मी सांगितलं नाही."

"यंत्राला माहीत होतं. पोरीला माहीत होतं. डुकरिणीला माहीत होतं! आणि मी या घरात कोण? भाड्यानं राहते?"

"लिंडा, हळू बोल."

"ती ऐकतेय म्हणून? ऐकू दे! पाव परत केलेस. मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. गुडघा गेला म्हणाला असतास तर काय जीभ झडली असती? मी काय हसले असते?"

चेंचो दगडाकडे बघून बोलला.

"ती नुसती ऐकते गं. तू बघतेस. मका सोलताना तिरक्या डोळ्यांनी. इतकी वर्षं. मला ते कळतं हे तुला माहीत नाही, असं मला वाटायचं." त्यानं नाक पुसलं. "तू या पायांशी लग्न केलंस. तुझ्या आईनं सगळ्या गावाला सांगितलंय. ते तुझ्यासमोर आपटलेले तुला दाखवू?"

एर्लिंडाच्या तोंडात आलेली शिवी तिथंच राहिली. ती वळली, घरात गेली. पेटीचं झाकण वाजलं. वहाणा घेऊन ती बाहेर आली आणि त्याच्या पायांशी टाकल्या.

"घाल."

"लिंडा, नको."

"घाल म्हणते ना. झाकण सोड, त्या दगडावर. आत्ता."

त्यानं घातल्या. मंगळवारनंतर त्यानं त्या हातात घेतल्याच नव्हत्या, पट्टे अजून मंगळवारच्या मापानं आवळलेले होते, ते सैल करायला त्याला वेळ लागला, आणि तो का लागतोय ते दोघांनाही ठाऊक होतं. काठी नव्हती, मुखवटा नव्हता, व्हायोलिन नव्हतं. तो दगडावर उभा राहिला आणि सुरुवात केली. टाच, चवडा, टाच. चार ठेके चांगले पडले. पाचवा पडला. मग गिरकी आली, गुडघा आत वळला आणि चेंचो दगडावरून सरळ कोंबड्यांच्या दाण्यांत बसला.

गाडीकडून रेबेका धावत निघाली. एर्लिंडानं तिच्याकडे न बघता हात वर केला, आणि पोरगी होती तिथं थांबली.

"हे असं," एर्लिंडा नवऱ्याला म्हणाली, "रोज त्या पुरलेलीजवळ?"

चेंचोनं मान हलवली. त्याच्या मिशीला मक्याचा कोंडा लागला होता.

"ऊठ. पुन्हा कर."

"पुन्हा पडेन."

"पड ना," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला तसा ती आणखीनच चिडली. "हजारदा पड. पण यापुढं पडायचं ते माझ्यासमोर. तिच्याजवळ एकदाही नाही. कळलं?"

आणि त्याला उठवायला तिनं हात पुढं केला.